वाटेचा तंटा आणि राष्ट्रांचा कायदा

शेताच्या वाटेवरून होणारे तंटे आपल्या करवीर तालुक्यास नवे नाहींत. तेथें न्यायाधीश आधीं विचारतो, 'वहिवाट काय?' दोन राष्ट्रें वाटेसाठीं भांडलीं, तर हा प्रश्न कोणी विचारावा? हें शास्त्र कायद्याच्या पदवीनंतर एल्‌एल्. एम्. च्या वर्गांत शिकतां येतें. त्यांतील एक धडा आपण पाहूं.

दादरा व नगरहवेली १९५४ सालीं पोर्तुगीज अमलांतून मुक्त झालीं. दमणहून तेथें भारतांतून जाण्याचा हक्क मागण्यास पोर्तुगालनें १९५५ सालीं हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयांत फिर्याद केली. भारतानें नेमलेले न्यायाधीश म्हणून मुंबई हायकोर्टाचे श्री. छगला त्या न्यायासनावर बसले.

१९६० सालीं निकाल लागला. नागरिक, मुलकी अधिकारी व माल ह्यांची सव्वाशें वर्षांची वहिवाट होती, म्हणून त्यांपुरता हक्क होता. सैन्य व शस्त्रें परवानगीनेंच जात, म्हणून त्यांस तो नव्हता. भारतानें कर्तव्यभंग केला नाहीं, असेंही ठरलें.

पुढें १९६१ सालीं गोवा व दमण सैन्यबळानें मुक्त झाले. निकालानें सर्वच तंटे मिटतात असें नाहीं. तथापि प्रतिपक्षाच्या म्हणण्यांतील खरा अंश निवडून तो त्यास देणें, हेंच ह्या विद्येचें मर्म होय. विद्यार्थ्यांनीं तें घरच्या बांधापासूनच शिकावें, असें आम्हांस वाटतें.