आधी भाकर, मग काम

वचन पाठ : १ राजे १९:१-१८



दिवाळीची सुटी संपली की आम्हा शिक्षकांच्या वर्षातला सर्वांत लांब टप्पा सुरू होतो. फर्दापूरच्या परिसरात कापूस वेचणीला आलेला असतो, ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडतात, अजिंठ्याची लेणी पाहणाऱ्यांची गर्दी वाढते. वस्तीवरची काही मुले आईवडिलांबरोबर फडावर जातात, काही शेतात राबतात, काही लेण्यांच्या वाटेवर वस्तू विकतात. यंदा जानेवारीत एका संध्याकाळी माझ्या अभ्यासवर्गात नऊच मुले होती. फळ्यासमोर उभी राहून मी मनात म्हणाले, "प्रभू, आता पुरे."

एलीयाचीही हीच गत झाली होती. कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळाला, आणि लगेच ईजबेलीच्या धमकीने तो रानात पळाला. रतामाच्या झुडपाखाली त्याने मरण मागितले. देवाने त्याला काय दिले, त्याचा क्रम पाहा : प्रथम झोप, मग निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी, तेही दोनदा. उपदेशाचा एक शब्दही तेथे नाही. चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतर होरेब डोंगरावर मंद वाणी, पुढचे काम आणि सोबतीला अलीशा.

दुसऱ्या दिवशी मी एका गैरहजर मुलाच्या घरी रागानेच गेले. त्याचे आईवडील ऊसतोडीला गेलेले, घरी आजी. मी तोंड उघडण्याआधीच ती म्हणाली, "बाई, दमून आली तू. आधी भाकर खा, मग पोराचं सांग." चुलीजवळ बसून खाताना मला एलीयाची भाकर आठवली. पोरगा दिवसभर बकऱ्या राखून अंधार पडल्यावर येतो, हेही तेथेच कळले.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला सुरू केलेले काम पुढे कोसबाडला नेले. तेथे गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मुले शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळा मुलांकडे गेली. मीही आता आठवड्यातून दोन संध्याकाळी वस्तीवरच्या एका ओट्यावर वर्ग घेते. न आलेल्यांची मोजदाद करून झुरण्याऐवजी आलेल्या मुलांना नावाने हाक मारते. प्रभुवारी वह्या तपासत नाही. एका सहकारी शिक्षिकेबरोबर दर शनिवारी प्रार्थना करते. वर्ग अजून भरलेला नाही. पण तो बकऱ्या राखणारा मुलगा ओट्यावर येतो आणि अडखळत का होईना, वाचतो.

तुमच्या मंडळीतही कोणी शिक्षक असेल. मार्चच्या परीक्षेआधी त्याला उपदेश करू नका. घरी जेवायला बोलवा, एखादे पत्र लिहा, त्याचे नाव घेऊन प्रार्थना करा. निखाऱ्यावरची ती भाकर तुमच्या हातून पोहोचू द्या.

मननासाठी : माझ्या ओळखीत आज कोण झुडपाखाली बसले आहे? त्याच्यासाठी मी या आठवड्यात काय घेऊन जाईन?

प्रार्थना : हे प्रभू, थकलेल्यांना विसावा दे, भाकर दे, सोबती दे, आणि मग तुझ्या कामासाठी पुन्हा उठव. आमेन.