निवृत्तीचे पैसे कोणाच्या हाती द्यावेत?

उज्जैनमध्ये कामगाराच्या हक्काच्या पैशांचा विषय निघाला की बिनोद मिलचं नाव येतंच. 1990च्या दशकात मिल बंद पडली, देण्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि वाट पाहता पाहता कित्येक कामगार वारले. मालक भला आहे, एवढ्या भरवशावर कोणी आपलं म्हातारपण सोडू नये, हे या गावाला वेगळं सांगायला नको.

मी मक्सी रोडवरच्या एका खासगी कारखान्यात हिशेब सांभाळत असे. पीएफ होताच, वीस माणसं कामाला असली की तो लागतोच. शिवाय जुन्या कर्मचाऱ्यांसाठी कंपनीने एका विमा कंपनीची गट सुपरॲन्युएशन, म्हणजे निवृत्तिवेतनाची, योजना घेतली होती. ट्रस्ट कारखान्याचा, विश्वस्त कारखान्याने नेमलेले, आणि कर्मचाऱ्याच्या हाती वर्षातून एकदा एक कागद: मागची शिल्लक, यंदाची भर, व्याज, अखेरची शिल्लक. भर कोणत्या महिन्यात पडली, आकार किती कापला, याचा त्यावर पत्ता नसे.

आमच्या स्टोअरकीपरला पीथमपूरला चांगली नोकरी लागली, तेव्हा या कागदाची खरी किंमत कळली. रक्कम नव्या कंपनीकडे वर्ग करायला दोन विश्वस्तांच्या सह्या हव्या होत्या. त्यातले एक वारले होते आणि त्यांच्या जागी दुसरा नेमल्याचा ठरावच झालेला नव्हता. विमा कंपनी म्हणे, ठराव आणा. कारखाना म्हणे, पुढच्या बैठकीत बघू. सुट्टीच्या दिवशी तो बिचारा बसने यायचा, फाटकाशी थांबायचा. ‘अहो, पैसे माझे, मग हेलपाटे मीच का घालायचे?’ असं त्याने विचारलं, तेव्हा ऑफिसात कोणाकडेच उत्तर नव्हतं. पैसे बुडाले नाहीत, पण दीड वर्ष अडकून पडले.

त्यानंतर कारखान्याने नवी योजना शोधायला घेतली. एजंट आले, प्रत्येकाच्या फाइलमध्ये मागच्या पाच वर्षांच्या परताव्याचा रंगीत आलेख. माझं स्पष्ट मत आहे की तो आलेख सगळ्यात शेवटी बघावा. आधी विचारावं: खातं कोणाच्या नावावर? माणूस नोकरी सोडून गेला तर कोणाच्या सहीवाचून त्याचं अडेल? आणि दर महिन्याची भर त्याला स्वतःच्या मोबाइलवर दिसेल का? यावर जो एजंट गुळमुळीत बोलेल, त्याला चहा पाजून निरोप द्यावा.

मग आकार विचारावा, आणि तो लेखी मागावा. महिन्याला 5,000 रुपये 25 वर्षं भरले आणि निव्वळ 9 टक्के पडले, तर सुमारे 56 लाख होतात. 8 टक्के पडले, तर साडेसत्तेचाळीस. एका टक्क्याच्या आकारात साडेआठ लाख जातात, आणि कर्मचाऱ्याला ते गेलेले कधी कळतही नाहीत.

या कसोटीवर मला एनपीएसची, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन प्रणालीची, कॉर्पोरेट योजना उजवी वाटते. प्रान, म्हणजे खात्याचा कायमचा क्रमांक, माणसाच्या नावाचा, नोकरी बदलली तरी तोच. निधी सांभाळण्याचा आकार शंभर रुपयांमागे वर्षाला काही पैसे. नव्या कररचनेत मालकाने भरलेल्या रकमेवर मूळ पगार अधिक महागाई भत्त्याच्या 14 टक्क्यांपर्यंत वजावट मिळते. मान्यताप्राप्त सुपरॲन्युएशन निधीतली रक्कम एनपीएसमध्ये वर्ग करण्याची सोयही 2017पासून आहे. जुन्या योजनेत अडकलेल्या कंपन्यांनी ती जरूर पाहावी. मात्र पेन्शन फंड कोणता, हे मालकही ठरवू शकतो किंवा कर्मचाऱ्यावर सोडू शकतो. करार करतानाच हा हक्क कर्मचाऱ्यांनी मागून घ्यावा. एनपीएसलाही काचणाऱ्या बाजू आहेत: पैसे लांबच्या मुदतीला अडकतात, काही भागाची पेन्शन विकत घ्यावीच लागते आणि शेअर बाजाराची चढउतार सोसावी लागते. पन्नाशी ओलांडलेल्याने शेअरचा वाटा कमी ठेवावा.

पीएफच्या बाबतीत कंपनी निवडायची नसते, पण लक्ष ठेवायचंच असतं. पगारातून कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायची असते. कापून न भरणारे मालक आपल्याही औद्योगिक वसाहतींत निघतात, आणि पगारपत्रकावर कपात दिसते म्हणून माणूस निश्चिंत राहतो. पासबुक उमंग ॲपवर दिसतं. मालकाच्या 12 टक्क्यांतले 8.33 टक्के पेन्शन योजनेत जातात, तेही 15,000 रुपयांच्या पगारमर्यादेवर, म्हणजे महिन्याला 1,250. म्हणून पासबुकात मालकाचा वाटा आपल्याहून कमी दिसतो, त्याने घाबरू नये. दोन महिने ओळच उमटली नाही, तर मात्र गप्प बसू नये. आधी अकाउंट्समध्ये लेखी विचारावं, पोच घ्यावी, आणि तरी हलले नाहीत तर भविष्य निधी कार्यालयात तक्रार नोंदवावी. एकट्याला धाक वाटत असेल, तर चौघांनी मिळून जावं.