लेकरू हवे असेल तर नवऱ्याच्या प्रकृतीकडेही पाहा



कुटुंब नियोजन म्हणजे केवळ मुले थांबविणे नव्हे. हवे तेव्हा मूल होणे, हेही नियोजनच. पण लग्नाला दोन वर्षे झाली अन् पाळणा हलला नाही, की सगळे सुनेकडे बोट दाखवितात. नवस होतात, दुसऱ्या लग्नाची भाषा निघते. खरे पाहता अशा सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही काही ना काही कमतरता आढळते.

शुक्रजंतू कसे तयार होतात?

पुरुषाच्या अंडकोषात शुक्रजंतू तयार होतात. त्यांना शरीरापेक्षा 2 ते 4 अंश कमी उष्णता लागते, म्हणूनच अंडकोष शरीराबाहेर असतात. शुक्रजंतू पूर्ण तयार व्हायला सुमारे तीन महिने लागतात. म्हणून आज घेतलेल्या काळजीचे फळ तीन महिन्यांनी दिसते.

कशाकशाला जपावे?

1. कपडे : घट्ट, नायलॉनची चड्डी घालू नका. सैल, सुती वापरा. अमेरिकेत बोस्टन येथे 656 पुरुषांची पाहणी झाली, ती 2018 साली प्रसिद्ध झाली. सैल चड्डी वापरणाऱ्यांत शुक्रजंतूंचे प्रमाण 25 टक्के जास्त आढळले.

2. उष्णता : वीटभट्टी, गुऱ्हाळाचे चुलवाण यांपुढे तासन् तास बसू नका. मधून मधून सावलीत या. कढत पाण्यात बसून राहू नका.

3. फवारणी : आपल्या तलवाडा भागात कपाशीवर औषध मारावे लागते. 1977 साली अमेरिकेत डीबीसीपी हे कीडनाशक बनविणाऱ्या कारखान्यातील कामगारांना मुले होईनात. तपासणीत कित्येकांचे शुक्रजंतू घटलेले, काहींचे तर नाहीसे झालेले निघाले. त्या औषधावर आता आपल्याकडेही बंदी आहे. तरी कोणतेही औषध हाताने कालवू नका. तोंडाला फडके, हातात मोजे, अंगभर कपडे असू द्या. वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका. घरी येताच साबणाने आंघोळ करा, कपडे वेगळे धुवा. औषधाचा डबा धान्या-पाण्याला वापरू नका.

4. व्यसन : बिडी, तंबाखू, गुटखा, दारू सोडा. ताकदीची म्हणून मिळणारी निनावी औषधे व इंजेक्शने घेऊ नका.

मात्र एक ध्यानात ठेवा. घट्ट चड्डी किंवा तंबाखू म्हणजे संततिप्रतिबंधक साधन नव्हे! मूल नको असेल तर निरोध, तांबी, गोळ्या अशी खात्रीची साधनेच वापरा.

तपासणी केव्हा करावी?

वर्षभर एकत्र राहूनही दिवस गेले नाहीत, तर दोघांनी मिळून आरोग्य केंद्रात जा. पत्नीचे वय 35 च्या पुढे असेल तर सहा महिनेच थांबा. नवऱ्याची वीर्य तपासणी सोपी असते, त्यात टोचणे-कापणे नाही. आधी 2 ते 7 दिवस संबंध टाळावा. दोष निघाला तर पुन्हा तपासणी होते आणि पुष्कळदा उपायही सापडतो.

वीर्य तपासून घेण्यात कमीपणा नाही. न तपासता बायकोला दोष देण्यात मात्र आहे.

लेकरू दोघांचे, तपासणीही दोघांची!