सीईटीचा निकाल आणि धुरी दिलेला मासा

सीईटीचा निकाल लागला की साताऱ्या-सांगलीकडच्या पालकांचा एकच प्रश्न येतो: "सर, एवढ्या पर्सेंटाइलला पुण्यात कॉम्प्युटर मिळेल का?" मिळेल की. पैसे मोजलेत तर मॅनेजमेंट कोट्यातून नक्कीच मिळेल. नीट, सीए, बँकिंगचं मार्गदर्शन गल्लोगल्ली मिळतं, त्यात मी पडत नाही.

तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार मुलीला घेऊन आले. तिला मायक्रोबायोलॉजी हवं होतं. वडील म्हणाले, "म्हणजे लॅबमध्ये बाटल्या धुणार?" मी विचारलं, "2010 साली युरोपात आपली द्राक्षं कशानं अडली?" उत्तर त्यांना तोंडपाठ होतं: लिहोसिन, म्हणजे वेलीची वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाटचे अंश. ते अंश तिकडच्या लॅबमध्येच सापडले होते, काका!

इकडेही तसेच पहारेकरी लागतात. परदेशातला धुरी दिलेला साल्मन आपल्याकडे आला की केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा (एफएसएसएआय) अधिकारी कागद, लेबल आणि माल तपासतो, नमुना लॅबला पाठवतो. टिकण्याच्या मुदतीपैकी 60 टक्के किंवा 3 महिने, यातलं जे कमी ते शिल्लक लागतं. आयातदाराचा पत्ता राहिला असेल तर स्टिकर चालतो. तारखेवर स्टिकर चालत नाही. हा मासा बरेचदा न शिजवताच खातात. त्यातला लिस्टेरिया फ्रिजच्या थंडीतही वाढतो आणि गरोदर बाईच्या पोटातल्या बाळापर्यंत पोचतो. हवाबंद पाकिटात बोट्युलिझमची भीती वेगळीच. धुराचेही घातक अंश मोजावे लागतात. (आपल्या चुलीवरच्या वांग्यालाही धूर लागतो, पण त्याला कोणी लेबल मागत नाही.) लॅबचा रिपोर्ट वाईट आला की माल बंदरातच अडतो.

राज्यात अन्न सुरक्षा अधिकाऱ्याची भरती एमपीएससीमार्फत होते. फूड टेक्नॉलॉजी, डेअरी, कृषी, पशुवैद्यक, बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी यांपैकी कोणतीही पदवी चालते. केमिस्ट्री असेल तर एमएस्सी लागते. जागा थोड्या आणि जाहिरातीचा भरवसा नाही, हे लपवत नाही. पण द्राक्ष, बेदाणा, हळद, दूध असलेल्या मुलखात तपासणीचं काम फक्त सरकारी खुर्चीवर बसूनच होतं असं नाही. मायक्रोबायोलॉजीची बीएस्सी घरचा डबा खाऊन होते, पुण्यातल्या कोट्याला मात्र रान गहाण पडतं.

वडील अजून हो म्हणालेले नाहीत. त्यांना एवढंच सांगतो: प्रवेशाचा अर्ज भरताना ओटीपी तुमच्या मोबाइलवर नको, पोरीच्या मोबाइलवर येऊ द्या.