ताक कळकतं ते कशानं

पोरी, काल रात्री फोनवर तू विचारलंस, "काका, नेलपॉलिश काढायच्या पाण्यात शिवराई बुडवली तर चालेल का?" मी "थांब, सांगतो" एवढंच म्हणालो. फोनवर सांगून संपणारी ती गोष्ट नव्हे, म्हणून बसून लिहितोय. तू विद्यापीठात रसायनशास्त्र शिकतेस, तेव्हा सूत्रं तुला येतात. माझ्याकडे आहेत त्या पन्नास वर्षांच्या चुका.

देवघरातल्या त्या डब्यात सात शिवराया, दोन पाव आणे आणि एक भोकाचा पैसा निघाला म्हणालीस. सगळी काळी-हिरवी. बघितल्याबरोबर हात शिवशिवले असतील. आपल्या घरात तांब्याचं काही काळं दिसलं की चिंच-मीठ आठवतंच. सणाच्या आदल्या दिवशी तुझी आजी परसात बसून घागरी, तांबे, ताम्हण घासायची. ओंजळभर चिंचेत निम्मं घर लखलखायचं. भांड्याला ते ठीक. भांडं जाडजूड असतं, आणि त्यावर वाचायला काही नसतं.

पण त्याच आजीनं कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात कधी ताक ठेवू दिलं नाही. "कळकतंय," म्हणायची. कळकतं म्हणजे काय होतं? ताकाच्या आंबटपणानं भांड्यातलं तांबं ताकात उतरतं. चिंच नाण्यावर तेच करते. आपल्याला वाटतं मळ निघाला. निघालेलं असतं ते नाण्याचंच वरचं अंग. ती काळी-तपकिरी कात तांब्यानं हवेशी शे-दोनशे वर्षं बोलून स्वतः अंगावर धरलेली असते, आणि खालच्या तांब्याला तीच राखते.

1978 च्या उन्हाळ्यात मी पहिली शिवराई विकत घेतली आणि त्याच संध्याकाळी चिंच-मिठानं घासली. बाळाच्या तळव्यासारखी गुलाबी झाली. मित्रांना दाखवत कोल्हापूरच्या महाद्वार रोडभर फिरलो. एका जुन्या संग्राहकानं ती हातात घेतली, भिंगही काढलं नाही, आणि म्हणाला, "लेका, नाणं खरं होतं की रे." त्यातला 'होतं' मला त्या दिवशी कळला नाही.

कळला तो भिंग हाती आल्यावर. शिवराई 1674 च्या राज्याभिषेकापासूनची. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्र पति', भोवती ठिपक्यांची माळ. पुढं कितीतरी वर्षं, कितीतरी टाकसाळींत ती पडत राहिली. हातानं घण मारून पाडलेली, त्यामुळे कुणाचं 'श्री' काठाबाहेर गेलेलं, कुणाची माळ अर्धीच. 'शिव' कुठं ऱ्हस्व, कुठं दीर्घ, कुठं चक्क 'सिव'. नाणं कधीचं आणि कुठलं, ते या वेलांटीवरून आणि ठिपक्यांवरून ओळखायचं. ती वेलांटी उभी असते केसाएवढ्या उंचीवर. माझ्या शिवराईवर 'शि'ची वेलांटी आता सावलीसारखी राहिलीय, तिरप्या उजेडात धरलं तरच दिसते.

शिवाय चकचकीत शिवराईला बाजारात कुणी खरी मानत नाही. ओतीव नकली शिवराया ढिगानं फिरतात. खरं-खोटं करायला जाणकार आधी कात बघतो, मग काठावरचा सांधा आणि ओतकामाची बारीक छिद्रं. कात तूच काढून टाकलीस तर साक्षीदारच गेला.

आता तुझं नेलपॉलिशचं पाणी. त्यात ॲसिटोन असतं खरं, पण बरोबर पाणी, रंग, वास आणि नखं कोरडी पडू नयेत म्हणून तेलकट काहीतरी. वरचं उडून जातं आणि हे सगळं नाण्यावर बसतं. शुद्ध ॲसिटोन ही वेगळी वस्तू. ते तेल, चिकटपट्टीचा डिंक, मेण आणि जुन्या प्लॅस्टिक अल्बमचा चिकट हिरवा लेप काढतं. पीव्हीसीच्या मऊ पाकिटातून सुटणारा तो लेप नाणं खातो. ॲसिटोन हातात घ्यावं असं मला वाटणारं जवळजवळ एकच कारण ते. काळी कात आणि घट्ट हिरवं त्यानं निघत नाही. इथंच लोक फसतात. निघत नाही म्हणून जास्त वेळ बुडवतात, मग ब्रश घेतात, मग लिंबू, आणि शेवटी ओळखीच्या सोनाराकडून तेजाब. तेजाबातून आलेलं नाणं मी डोळे मिटून ओळखतो, वजनावरून. 1835 चा पाव आणा साडेसहा ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. तेजाबानं खाल्लेला काट्यावर हलका भरतो.

करायचंच झालं तर काचेच्या दोन वाट्या घे. काही प्लॅस्टिकच्या वाट्या स्वतःच विरघळून नाण्याला चिकटतात. पहिल्या वाटीत पाच-दहा मिनिटं, मग दुसरीतल्या स्वच्छ ॲसिटोनमध्ये एक बुडी. घासायचं नाही, कापूसही फिरवायचा नाही. एक धुळीचा कण कापसाखाली सापडला की रेघ ओढतो. नाणं काठानं धरायचं. स्वयंपाकघरात नको, देवघरात तर नकोच: ॲसिटोनची वाफ जड असते, जमिनीलगत सरकत जाते आणि लांबच्या निरांजनावर पेट घेते. खिडकी उघडी ठेव. रात्रभर बुडवून, उन्हात वाटी ठेवून तांब्याचा रंग फिरलेला मी पाहिलाय, तो परत येत नाही.

आणि हे आषाढात करू नकोस. कुठल्या पुस्तकात मी ते वाचलं नाही, माझ्या पाव आण्यानं शिकवलं. ॲसिटोन उडताना नाण्यातली उष्णता घेऊन जातं. नाणं गार पडतं आणि आपल्या पावसाळी हवेतलं दव त्यावर धरतं. तू समजतेस नाणं कोरडं झालं, आणि त्यावर टाचणीच्या टोकाएवढे पाण्याचे थेंब बसलेले असतात. तिथं नंतर डाग उठतात. संक्रांतीच्या सुमाराची कोरडी दुपार बरी.

थिनर, पेट्रोल, रॉकेल यांचं नाव काढू नकोस. मागं काय ठेवून जातील याचा नेम नाही. अमोनियावाल्या काच पुसायच्या पाण्यात तांबं निळं होऊन उतरतं, ते तुला प्रयोगशाळेत दिसलंच असेल. खोबरेल तेलात महिनाभर ठेवायचा सल्ला कुणीतरी देईलच. त्याला समई दाखव. समईत उरलेलं तेल चार दिवसांत हिरवं का होतं? तेलातलं आम्लही तांबं ओढतं, फक्त सावकाश.

सगळ्यात वाईट मीठ. चिंच धुऊन जाते, मिठातलं क्लोराइड तांब्याच्या भोकाभोकांत बसून राहतं. माझी ती गुलाबी शिवराई तिसऱ्या पावसाळ्यात फिकट हिरव्या ठिपक्यांनी फुलली. विड्याच्या पानासारखा गडद, घट्ट हिरवा थर असेल तर घाबरू नकोस, तो बसलेला आहे. फिकट, खडूच्या भुकटीसारखं, टोकरलं तर पडणारं आणि महिन्याभरात परत येणारं हिरवं दिसलं तर ते नाणं त्याच दिवशी बाकीच्यांतून वेगळं काढ. दमट हवा मिळाली की क्लोराइड आतून तांबं खातं आणि खाऊन पुन्हा मोकळं होतं. हवाबंद डबीत सिलिका जेल घालून दमटपणा 40 टक्क्यांच्या खाली आणला तर ते थांबतं. त्यावरचं औषध विषारी आहे. ते संवर्धन करणाऱ्यांच्याच हातात शोभतं.

2019 च्या महापुरात पंचगंगेचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं त्यांतल्या एकाच्या नाण्यांचा डबा माझ्याकडे आला होता. चिखल सुकायच्या आत आम्ही डिस्टिल्ड वॉटरच्या पाच-सहा पाण्यांतून नाणी नुसती बुडवून काढली. नळाचं पाणी नको, त्यात क्लोरीन असतं. बोअरचं त्याहून नको. ज्यानं घाईनं साबणाच्या घासणीनं काम उरकलं, त्याची नाणी चमकली आणि ओरबाडली.

टाउन हॉल म्युझियममध्ये ब्रह्मपुरीच्या वस्तू आहेत, एकदा जाऊन ये. 1945-46 मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकळिया आणि दीक्षितांनी ते टेकाड खणलं. आपल्या भागात विळिवायकुर, सिवलकुर अशा राजांची नाणी सापडतात, धनुष्यबाणाची, बरीचशी शिशाची. शिसं तर लाकडी कपाटातून सुटणाऱ्या आंबट वाफेनंही पांढरं पडून भुगा होतं. म्हणून नाणी आजोबांच्या लाकडी पेटीत ठेवायचा मोह आवर. पुठ्ठ्याच्या चौकोनी खिडक्या मिळतात, त्यात ठेव, आणि नाणं काढताना आधी पिना पूर्ण उपसून काढ. पिनेच्या टोकानं गेलेली नाणी ॲसिटोनपेक्षा जास्त असतील.

रविवारी दुपारी डबा घेऊन ये. भिंग आणि काटा माझ्याकडे आहे. आणि फोन ठेवता ठेवता "एकच धुतलं, काका, अगदी थोडंसं" म्हणालीस, ते मी ऐकलंय. तेही आण. बाकीच्यांत मिसळू नकोस, वेगळ्या पाकिटात आण, आणि मीठ घातलं होतंस की नाही ते खरं सांग.