टाकीतला गंज आधी वाच, मग काढ

कोल्हापूर

चि. ओंकार,

तुझं पत्र मिळालं, टाकीच्या तोंडातून काढलेले फोटोही पाहिले. दाजींची आरएक्स शंभर तू पुन्हा रस्त्यावर आणतोयस याचा फार आनंद झाला. पण शेवटी तू लिहिलंयस, की चिपळूणचा मिस्त्री म्हणतो, ॲसिड ओतू, आतून कोटिंग मारू, दोन दिवसांत गाडी घेऊन जा. ते वाचून म्हटलं, फोनवर घाईत सांगण्यापेक्षा सविस्तर लिहावं. गंज काढणं हे शेवटचं काम. पाणी आत आलं कुठून, हे आधी ठरव. ती वाट तशीच राहिली तर टाकी कितीही चकचकीत केलीस तरी पुढच्या गणपतीपर्यंत ती पुन्हा तांबडी होणार.

टाकी म्हणजे साधा पोलादी पत्रा. बाहेरून रंग असतो, आतून बहुतेक जुन्या टाक्या उघड्याच असतात. पेट्रोल लोखंडाला गंजवत नाही. गंजायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. म्हणून पेट्रोलात बुडालेला पत्रा सहसा वर्षानुवर्षं टिकतो, आणि अर्धी रिकामी टाकी घेऊन सहा महिने पडवीत उभी राहिलेली गाडी बिघडते. जुन्या राजदूत-येझदीच्या टाक्या आतून बऱ्या निघतात त्याचं एक कारण असं, की त्यात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून घालायचे, त्याचा पातळ थर पत्र्यावर राहायचा. आरएक्सला ऑइलची टाकी वेगळी, पंप ते परस्पर इंजिनाला देतो. पेट्रोलच्या टाकीच्या वाट्याला त्यातलं काहीच येत नाही.

आता गंज कुठे आहे ते बघ. तुझ्या फोटोत फक्त झाकणाखालचा भाग दिसतो, त्यावरून काही ठरत नाही. छताला सगळीकडे सारखी बारीक तांबडी पूड असेल, तर ते दमट हवेचं काम. दिवसा टाकी तापते, आतली हवा झाकणाच्या बारीक भोकातून बाहेर जाते. रात्री गार झाली की बाहेरची ओली हवा आत येते आणि पत्र्यावर दव धरतं. कोकणात हे व्हायचंच. पण लोक सगळ्याच गंजाचा दोष दवावर टाकतात, ते मला पटत नाही. हिशोब करून बघ. तीस अंशांची पूर्ण दमट हवा एका घनमीटरला सुमारे तीस ग्रॅम पाणी धरते. बावीस अंशांवर ती एकोणीस-वीस ग्रॅमच धरू शकते. म्हणजे दहा लिटरच्या रिकाम्या टाकीत एका रात्री फार तर दोन थेंब सुटतील, आणि तेही आतली सगळी हवा दमट असेल तर. एवढ्याने छत तांबडं होतं, तळाला पाणी साचत नाही. टाकीतून अर्धा कप पाणी निघालं तर ते दव नव्हे, ते कुठून तरी आत शिरलेलं आहे.

झाकणाच्या तोंडाभोवतीच गंजाचं कडं असेल, तर झाकणाचं रबर गेलंय. जुनं रबर कडक होतं, त्याला चिरा पडतात, मग पावसाचं पाणी थेट आत. वॉशिंग सेंटरवाला जेटचा फवारा झाकणावर मारतो तेव्हाही हेच होतं. त्याला सांग, टाकीवर जेट नको, फडक्याने पूस. पत्र्यात खोल बसवलेल्या झाकणाच्या नव्या गाड्यांत आणखी एक खोड असते. झाकणाभोवतीचं पाणी वाहून जायला बारीक नळी दिलेली असते, ती कचऱ्याने बुजली की तिथे तळं साचतं. काही टाक्यांत ही नळी टाकीच्या पोटातून जाते. ती आतून गंजून भोक पडलं, की पाऊस सरळ पेट्रोलात. तुझ्या गाडीला ही नळी नाही, पण मित्रांच्या गाड्यांसाठी लक्षात ठेव.

आणि गंज फक्त तळाला, तोही डाव्या कोपऱ्यात जास्त असेल, तर तिथे पाणी साचून राहिलेलं आहे. गाडी साइड स्टँडवर डावीकडे कलते. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते सगळ्यात खालच्या कोपऱ्यात जाऊन बसतं. टाकीचं पोट चेसिसच्या दोन बाजूंना दोन पायांसारखं उतरलेलं असतं आणि कॉक एकाच पायाला. दुसऱ्या पायातलं पाणी आपणहून कधीच बाहेर येत नाही. कॉकच्या पायातलंही सगळं येत नाही, कारण ‘ऑन’ची नळी तळापासून वर उचललेली असते, तिच्याखालचं पाणी आणि गाळ तसाच राहतो. गाडी रिझर्व्हवर टाकली की झटके देते असं तू लिहिलंस, त्याचा उलगडा यात आहे. रिझर्व्हचं तोंड खाली असतं, तो गाळ तिथून थेट कार्बोरेटरला जातो, जेट बुजवतो, निडल अडकवतो.

आईला एक विचार: २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी चिपळुणात शिरली तेव्हा ही गाडी कुठे होती? अंगणात असेल तर पुढचा सगळा तर्क सोड. बुडालेल्या गाडीच्या टाकीत झाकणाच्या भोकातून पाणी आणि बारीक चिखल दोन्ही जातं, आणि चिखलाखाली ओल धरून राहते. तेव्हा कुणी टाकी काढून रिकामी केली होती का, तेही विचार.

इथेनॉलचं तू विचारलंस. आमच्याकडे साखर कारखान्यांमुळे हा विषय चहाच्या टपरीवरही निघतो, आणि गंजाचं सगळं खापर त्याच्यावरच फुटतं. मला दोन्ही बाजू दिसतात. इथेनॉल पाणी ओढून घेतं हे खरं. पण थोडं पाणी ते पेट्रोलात विरघळवूनही टाकतं, आणि रोजच्या चालत्या गाडीत ते जळून जातं. अडचण येते ती उभ्या गाडीला. पाणी मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि तळाला बसतात. तो थर पत्र्याला खातो, आणि इंजिनात गेला तर गाडी बंद. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ही गाडी बनली तेव्हा तिच्या रबरांचा विचार त्या हिशोबाने झालेला नव्हता. कॉकची आणि निडलची रबरं बदल, ती फुगतात. गंज मात्र इथेनॉलच्या आधीही होता. मी तो आयुष्यभर काढलाय.

कामाला लागताना पहिली गोष्ट जिवाची. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते. पेट्रोलची वाफ हवेत दीड टक्क्याच्या आसपास झाली तरी पेट घेते, आणि रिकाम्या टाकीत तीच भरलेली असते. ही वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरकत लांबच्या शेगडीपर्यंत जाते. म्हणून हे काम उघड्यावर कर. जवळ विडी नको, ग्राइंडर नको, देवघरातला दिवाही नको. कुणी ‘छोटंसं भोक आहे, वेल्डिंग मारतो’ म्हणाला तर टाकी उचल आणि घरी ये. ज्याला आधी टाकी धुऊन पाण्याने भरायचं कळत नाही, त्याच्या हाती ती द्यायची नाही.

रिझर्व्हवरून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढ आणि तासभर हलवू नकोस. खाली वेगळा थर दिसला तर पाणी, तांबूस पूड बसली तर गंज, नुसता पिवळट चिकटपणा आणि आंबूस वास असेल तर जुन्या पेट्रोलची राळ. मग टाकी उतरव, कॉक काढ, दोन्ही पाय उलटेपालटे करून रिकामे कर. साबण आणि धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने आतलं तेलकट निघेपर्यंत धू. हे लोक वगळतात, आणि मग ॲसिड लोखंडापर्यंत पोचतच नाही.

संडास धुण्याचं ॲसिड वापरू नकोस. ते गंजाबरोबर चांगला पत्राही खातं, त्याची वाफ छातीला लागते, आणि नंतर पत्रा पहिल्यापेक्षा लवकर गंजतो. किराणा दुकानात सायट्रिक ॲसिड मिळतं, काही जण त्याला लिंबूसत्त्व म्हणतात. लिटरला पन्नास ते शंभर ग्रॅम, कोमट पाण्यात. टाकी काठोकाठ भर; अर्धी भरलीस तर पाण्याच्या रेषेवर नवा गंज धरतो. झाकण घट्ट लावू नकोस, वायू सुटतो. दर काही तासांनी बघत राहा, एका दिवसात बहुतेक काम होतं. करडा पत्रा दिसला की थांब, जास्त ठेवून फायदा नाही. टाकीला आतून जस्ताचा मुलामा असेल तर हे ॲसिड तोही काढतं, तेव्हा आधी एखादा गंजहीन कोपरा नीट पाहून घे.

त्यानंतर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने एकदा, साध्या पाण्याने दोनदा धू, आणि लगेच वाळव. ओला उघडा पत्रा डोळ्यांदेखत पिवळा पडतो. कडक उन्हात किंवा गरम हवेने वाळवून, वाटीभर टू-टी ऑइल आत घालून टाकी सगळ्या बाजूंनी फिरव. इंजिन टू-स्ट्रोक आहे, त्या ऑइलने त्याचं काही बिघडत नाही. काही जण आत नटबोल्ट, साखळी, खडी घालून टाकी हलवतात. जाड पापुद्रे असतील तरच कर, आणि घातलेले नट मोजून बाहेर काढ.

कोटिंगला माझा नकार आहे. पत्रा शाबूत असेल तर त्याची गरज नाही. गंजावर किंवा तेलकट पत्र्यावर मारलं तर ते सुटतं, त्याचे पापुद्रे जेटमध्ये जातात, आणि जुन्या प्रकारची काही कोटिंगं इथेनॉलने मऊही पडतात. पिनच्या टोकाएवढी भोकं असतील तरच त्याचा विचार कर. तेव्हाही पत्रा फारच गेलेला असेल तर सरळ दुसरी टाकी शोध.

टाकी बसवताना खालच्या रबराच्या गाद्याही बघ. तिथे ओल अडकून पत्रा बाहेरूनही गंजतो. पुढच्या पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेव, आणि ते जमणार नसेल तर पूर्ण रिकामी करून आतून ऑइल फिरव. अर्धवट ठेवू नकोस.

मिस्त्रीला आज फोन करून थांबव. पेट्रोल काढशील तेव्हा बाटलीचा आणि टाकीच्या दोन्ही पायांचा फोटो मला पाठव, आणि झाकणाचं नवं रबर बसल्याशिवाय टाकीत पेट्रोल भरू नकोस. आईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा