पोट भरते, पण गरज भागते का?



"आम्ही तांदूळ पाठवतो, तो पुरतो ना?" असे आपल्यापैकी अनेकजण विचारतात. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर आरोग्यसेविका म्हणून फिरताना मला जे दिसते, त्यावरून हा हिशेब मांडते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 साली ठरवलेल्या शिफारशींनुसार 55 किलो वजनाच्या प्रौढ स्त्रीला रोज सुमारे 46 ग्रॅम प्रथिने, 29 मिलिग्रॅम लोह आणि 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम मिळायला हवे. जवळजवळ सर्व निरोगी माणसांची गरज भागावी अशा बेताने हे आकडे ठरवलेले असतात. त्यामुळे थोडे कमी पडले की लगेच आजार झाला, असे नाही. पण निम्म्याहून कमी पडले, तेही महिनोन् महिने, तर अंगात रक्त कुठून येणार?

आता ताट पाहू. दिवसाला 400 ग्रॅम तांदूळ आणि 25 ग्रॅम तूरडाळ एवढे बाईच्या वाट्याला येते असे धरू. पोट भरते. प्रथिने साधारण 35 ग्रॅम होतात, कॅल्शियम मात्र 100 मिलिग्रॅमच्याही आत आणि लोह चारेक मिलिग्रॅम. कोणी म्हणेल, आमच्या बायका 42-45 किलोच्याच, त्यांना 46 ग्रॅम कशाला? मला हे पटत नाही. वजन अन्नाअभावी उतरले असेल, तर त्याच वजनाने गरज मोजायची कशी?

याच ताटातला निम्मा तांदूळ काढून 200 ग्रॅम नागली घातली, तर तिच्यातूनच जवळजवळ 700 मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते, आणि लोह सुमारे 11 मिलिग्रॅमवर जाते. म्हणजे आजीच्या काळची भाकरी भातापेक्षा कितीतरी सरस होती. पण नागलीने प्रथिने वाढत नाहीत, ती भाताइतकीच राहतात. तिथे सुकट कामाला येते: 20 ग्रॅम सुक्या बोंबलातून सुमारे 12 ग्रॅम प्रथिने.

लोहाचे कोडे मात्र नुसत्या ताटाने सुटत नाही. धान्यातले लोह शरीरात फार थोडे शोषले जाते. सोबत लिंबू किंवा आवळा असला तर जास्त, जेवणावर कोरा चहा घेतला तर आणखी कमी. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या घ्यायलाच हव्यात. नुसत्या आहारावर भिस्त ठेवू नका, हे मी घरोघरी सांगते.

पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, शेवळे, चिंबोऱ्या असे काही ना काही रानातून येते. खरी अडचण दिवाळीनंतरची. कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, रान मागे राहते, घरची नागली संपते आणि दुकानचा तांदूळ तेवढा उरतो. लेकरेही तोच खातात.

म्हणून स्थलांतराच्या आधी जी शिधापिशवी आपण देतो, तिच्यात तांदळाऐवजी नागली, डाळ दुप्पट आणि अर्धा-एक किलो सुकट असावी, अशी माझी विनंती आहे. साखर-चहापूड मी यादीत सर्वांत खाली ठेवीन. ज्या घरी सुकट चालत नाही त्यांना शेंगदाणे द्यावेत. दिवसाला मूठभर, म्हणजे 50 ग्रॅम, खाल्ले तरी प्रथिने तेवढीच मिळतात, आणि भट्टीवर चूल पेटवायला वेळ नसला तरी ते खाता येतात.